डोंगरात येणारा, डोंगरात राहणारा

मित्रांनी दरवर्षी ठरवून डोंगरात किंवा नदीवर जायचे आणि तेवढ्या दिवसांच्या बळावर मैत्री आयुष्यभर टिकवायची, ही कल्पना कादंबरीकारांना नेहमीच मोहवत आली आहे. जेरोम के. जेरोमने १८८९ मध्ये तीन मित्रांना थेम्स नदीत होडीवर धाडले; पण तिघेही लंडनचे, तिघेही सुट्टीवर, त्यामुळे परतल्यावर कोणाच्या वाट्याला काय आले हा प्रश्न तिथे पडत नाही. पाओलो कोन्येत्ती या इटालियन लेखकाच्या ‘ले ओत्तो मोंतान्ये’ म्हणजे ‘आठ पर्वत’ (२०१६) या कादंबरीत तो पडतो. एका मित्रासाठी डोंगर ही उन्हाळ्याची सुट्टी आणि दुसऱ्यासाठी बारमाही घर असेल, तर दोघांची मैत्री एकाच जमिनीवर उभी असते का? स्त्रेगा पुरस्कार मिळवणारी ही कादंबरी मैत्रीचे गुणगान म्हणून सहज वाचता येते. मला मात्र ती या विषमतेची कादंबरी वाटते.

मिलानचा पिएत्रो १९८४ च्या उन्हाळ्यात आईवडिलांबरोबर मोंते रोझाच्या परिसरातल्या ग्राना या ओस पडत चाललेल्या गावी येतो. तिथे गाई राखणारा ब्रुनो त्याला भेटतो. मग दर उन्हाळ्यात ओढे, पडके वाडे, कुरणे. शिखरांचे वेड असलेले पिएत्रोचे वडील दोघांना हिमनदीवरही नेतात. उन्हाळा सरला की पिएत्रो शहरात परततो. ब्रुनोने शिकावे म्हणून पिएत्रोचे आईवडील पुढाकार घेतात, पण ब्रुनोचा बाप त्याला गवंडीकामावर घेऊन जातो. पुढे पिएत्रो वडिलांशी फटकून वागू लागतो, डोंगरही सोडतो. त्या वर्षांत वडील ब्रुनोबरोबर चढत राहिले होते, हे त्याला वडिलांच्या मृत्यूनंतर नकाशावरच्या रंगीत रेघांवरून उमगते. या रेघा मला कादंबरीतला सर्वांत बोलका पुरावा वाटतात. पाहुण्याला डोंगर वर्षानुवर्षे बाजूला ठेवता येतो आणि हवा तेव्हा पुन्हा हाती घेता येतो; ब्रुनोला तशी मुभा कधीच नव्हती.

यावर आक्षेप येईल की ब्रुनोने आपले जगणे स्वतः निवडले. त्याला डोंगराबाहेर काही नकोच होते आणि त्याला बिचारा ठरवणे हा त्याचाच अपमान आहे. आक्षेपात तथ्य आहे. ब्रुनो हट्टी आहे, कष्टाळू आहे, कोणाची कीव त्याला खपत नाही. पण निवड करणे आणि तिची किंमत मोजणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. काकाच्या कुरणावर गाई पाळून चीज करण्याचा त्याचा उद्योग कर्जात बुडतो आणि त्याची जोडीदार लारा त्यांच्या मुलीला घेऊन दूर जाते. शेवटी बर्फातल्या एकाकी घरात तो मागे उरतो. पिएत्रोची निवडही अस्थिर आहे, पण ती फसली तर परतायला त्याच्याकडे शहर आहे, भाषा आहे, चित्रपटाचे काम आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे दोघे पुरुष फार बोलत नाहीत. एकत्र चालणे हेच त्यांचे बोलणे आणि त्यातूनच मैत्री घडते, असे कोणी म्हणेल. मला यातले अर्धेच पटते. पिएत्रोच्या वडिलांनी मागे ठेवलेले पडके घर दोघे एका उन्हाळ्यात उभे करतात. ब्रुनो गवंडी, पिएत्रो हाताखालचा मजूर. ही पाने कादंबरीत सर्वांत भरीव आहेत, कारण त्या काळापुरता पिएत्रो पाहुणा राहत नाही. दगड उचलताना, भिंत चढवताना तो ब्रुनोच्या जगात, ब्रुनोच्या हुकमाखाली असतो. म्हणजे मैत्री इथे सर्वांत खोल जाते ती भटकंती थांबून काम सुरू होते तेव्हा. पुढे पिएत्रो पुन्हा येणारा-जाणारा होतो आणि अंतर वाढत जाते.

शीर्षकातले आठ पर्वत पिएत्रोला नेपाळमध्ये एका वृद्धाकडून कळतात: मध्यभागी सुमेरू, भोवती आठ पर्वत आणि आठ सागर. अधिक शिकला कोण, आठ पर्वत फिरलेला की सुमेरू चढलेला? मेरू आपल्याला पुराणांतून ओळखीचा आहे, त्यामुळे हे कोडे मराठी वाचकाला लगेच भावेल. पण या कथेत ते जरा फसवे आहे. ज्ञानाच्या तराजूत ते दोघांना समान तोलते आणि कर्ज, दिवाळखोरी, एकट्याने काढलेला हिवाळा यांना त्यात जागाच उरत नाही. कोन्येत्ती या साऱ्या गोष्टी कोड्याशेजारी सविस्तर मांडतो, म्हणूनच त्याची कादंबरी पिएत्रोपेक्षा ब्रुनोच्या बाजूने अधिक प्रामाणिक आहे.