मोगरा आणि अर्ज

२०२१ सालची बकरी ईद २१ जुलैला झाली. त्या रात्री पाऊस थांबलाच नाही, आणि २२ तारखेला पहाटे वाशिष्ठी आमच्या घरात शिरली. चिपळूणकरांना पूर नवा नाही. २००५ च्या जुलैतला पूर आमच्या शाळकरी वयातला, तो आठवतो. पण या वेळी आमच्या मोहल्ल्यात जुन्या माणसांनी दाखवलेल्या खुणाही पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरले तेव्हा घरात गाळ, फुगलेली दारे, आणि कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांतली पुस्तके एकमेकांना चिकटून विटांसारखी झालेली. गावातले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचे. त्याची पुस्तकेही याच पाण्यात भिजली. तिथे आमच्या दोन कप्प्यांचे काय रडायचे?

पण सांगायचे आहे ते पुरानंतरच्या आठ-नऊ महिन्यांबद्दल. त्या काळात एक प्रश्न आमच्या मानगुटीवर बसला, तो अजून उतरलेला नाही. भोवतालची माणसे मोडून पडलेली असताना आपले लिहिणे बंद पडले, तर तो दोष मानायचा की साधी माणुसकी? आणि ते पुन्हा सुरू व्हावे म्हणून दारात आलेल्याला परत पाठवावे काय?

घराच्या डागडुजीला गवंडी मिळेना. सगळ्या शहराला एकदमच गवंडी हवा होता. अखेर गिलावा खरवडला. आमच्या भिंती जांभ्याच्या. त्या पाणी पितात पटकन, सोडायला महिने लावतात. आम्ही घाई करून दिवाळीच्या सुमारास एका खोलीला रंग दिला. पंधरा दिवसांत पापुद्रे सुटले आणि खालून पांढरा लोणा वर आला. मिस्त्री म्हणाला, "भिंत आतून ओली आहे. वरून कितीही फासा, ती फेकून देणार." टेबल पडवीत, टेबलावर सिमेंटच्या गोण्या, वही कुठेतरी गोण्यांखाली. कुणी विचारले की आम्ही सांगायचो, घराचे काम चालू आहे, लिहिणे होत नाही.

सबब सोयीची होती. खरे असे की लिहायला बसले की पुराचीच ओळ यायची, आणि लगेच वाटायचे, हे दुःख आपले की शेजाऱ्याचे उचलून आणलेले? आमचा पगार चालू होता. ज्याचे दुकान वाहून गेले त्याचे काय चालू होते?

वर्गात आम्ही मुलांना गालिबच्या पत्रांविषयी सांगतो. १८५७ नंतर त्यांची शायरी फारच थोडी झाली. दोस्त मेले, परागंदा झाले, पेन्शन बंद पडली, राहते घर पावसात गळायचे. पत्रे मात्र थांबली नाहीत. पुढे १८६८ मध्ये 'ऊद-ए-हिंदी' आणि १८६९ मध्ये 'उर्दू-ए-मुअल्ला' या नावांनी ती छापली गेली, आणि उर्दू गद्याला नवे वळण मिळाले. आम्हीही त्या महिन्यांत लिहीत होतोच, पण अर्ज. मोहल्ल्यात पुष्कळांचे शिक्षण उर्दूतले, आणि कचेरीचा कागद मराठीतला. पंचनाम्यात नाव नाही, अनुदान जमा नाही, आडनावात चूक. 'मा. तहसीलदार साहेब' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत सारे पाठ झाले होते. कुणी म्हणेल, हेच तुमचे खरे साहित्य. आम्हाला ही समजूत पटत नाही. अर्ज तो अर्जच.

अंगणातला सोनचाफा महिनाभरात वाळला. मुळाशी पाणी साचलेले त्याला सोसत नाही. नदीचा गाळ सुपीक असतो म्हणतात. आमच्या अंगणातला बारीक आणि चिकट होता, वाळल्यावर खापरीसारखा कडक झाला. कुदळीने फोडावा लागला. मोगऱ्याकडे कुणाचे लक्षच नव्हते. एरवी आम्ही थंडीत त्याचे पाणी तोडतो, छाटतो, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी कळ्या धरतात. त्या वर्षी ते आपोआप झाले. पाणी द्यायला कुणाला सवड नव्हती, आणि छाटणी गवंड्यांच्या फळ्यांनी केली. मार्चमध्ये झाड असे फुलले की बघून लाज वाटावी. लोक म्हणत, बघा, झाडसुद्धा सावरले. पण ताण बसलेली झाडेही फुलतात. ते सावरणे की धास्ती, कुणी सांगावे?

१७ मार्च २०२२. दुसऱ्या दिवशी रात्री शब-ए-बरात, आणि गावात होळीचे ढोल. टेबल नुकतेच आत आले होते. किती महिन्यांनी एक ओळ आली, मागोमाग दुसरी. तेवढ्यात शेजारच्या खाला आल्या. त्यांचे बांगड्यांचे दुकान पुरात गेले होते. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. "बेटा, बँकेच्या खात्यात नाव चुकलंय म्हणतात. एवढा अर्ज लिहून दे."

आम्ही खुर्चीतून उठलोही नाही. "खाला, उद्या याल का?"

"हो हो, घाई नाही," त्या म्हणाल्या. जाताना मोगऱ्याशी थांबल्या. खालूंच्या कबरीसाठी दरवर्षी आमच्याकडचीच फुले जातात, विचारण्याचा रिवाज नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी विचारले, "घेऊ का?"

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. सोमवारी कळले, कचेरीबाहेर बसणाऱ्याला पैसे देऊन त्यांनी अर्ज लिहून घेतला.

कविता पुरी झाली. बरी होती, त्याहून अधिक नाही. आमचे एक स्नेही म्हणतात, अर्धा तास स्वतःसाठी घेतला, त्यात गुन्हा कसला? दार कधी लावायचेच नाही म्हटले तर कुणाला एक ओळही लिहिता येणार नाही. त्यांचे म्हणणे आम्ही पुष्कळ दिवस घोळवले, आणि ते बरेचसे खरे आहे. तरी आमचे मत असे की त्या संध्याकाळी आमचे चुकले. कविता सुमार उतरली म्हणून चुकले, असे नव्हे. ती थोर उतरती तरी खालांचे पैसे गेलेच असते. अर्ज दहा मिनिटांचा होता. ओळ निसटली असती तर तोटा आमचा होता. तो आम्ही त्यांच्या गळ्यात घातला, तेही गोड बोलून.

मोगऱ्याचे बरे आहे. फुलण्यासाठी त्याला कुणाला परत पाठवावे लागत नाही. पण म्हणून त्याला पुण्यवानही म्हणता येत नाही. त्याच्यापुढे दोन वाटा कधी नव्हत्याच.

रमजानमध्ये इफ्तारीचे ताट घेऊन आम्ही खालांकडे गेलो. काही लिहायचे असेल तर सांगा, म्हणालो. "झालं की बेटा सगळं," त्या म्हणाल्या, आणि ताट रिकामे परत जाऊ नये म्हणून त्यात चार खजूर ठेवले. फुलांना त्या अजूनही येतात. फक्त फाटकाशी थांबतात आणि विचारतात, "घेऊ का?"