दूध-पावतीचा प्रोग्राम

नगरच्या एका कॉलेजात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला सी प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. वर्गात पारनेर, श्रीगोंदा, पाथर्डीकडून एसटीने येणारी मुलं निम्म्याहून जास्त. बहुतेकांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. बारावीपर्यंतचं बरंचसं शिक्षण मराठीत झालेलं. पडद्यावर इंग्रजीतली एरर उमटली की कीबोर्डवरचे हात आपोआप मागे यायचे.

पहिल्या तासाला मॅडमनी प्रोग्राम शिकवलाच नाही. त्यांनी हिवरे बाजारचा विषय काढला. नगर तालुक्यातलं गाव, पाऊस बेताचा. १९९०च्या आगेमागे पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावानं स्वतःवर बंधनं घालून घेतली. झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही, रानात जनावरं मोकळी सोडायची नाहीत, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. पाऊस मोजायचा, विहिरींचं पाणी मोजायचं आणि कोणतं पीक घ्यायचं ते त्यावरून ग्रामसभेत ठरवायचं. मॅडम म्हणाल्या, "हे नियम वरून आले असते, तर लोकांनी पळवाटा काढल्या असत्या. गावानं बसून ठरवले म्हणून टिकले. आज आपलीही ग्रामसभा. मी नियम मांडते, पटला नाही तर उठून बोला."

हजेरीची ७५ टक्क्यांची अट होतीच, तिच्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. वाद झाला तो मुदतीवरून. "दिलेल्या तारखेला प्रोग्राम आला नाही, तर शून्य," असा मॅडमचा नियम होता. पाथर्डीकडचा एक मुलगा उभा राहिला. "मॅडम, लॅब पाचला बंद होते. घरी कॉम्प्युटर नाही. तास संपल्यावर आम्ही लिहायचं कुठं?" वर्ग गप्प झाला. मॅडमनी फळ्यावरचा नियम पुसला. आधी येऊन सांगितलं तर दोन दिवसांची सवलत, असं ठरलं. त्याखाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: लॅब रोज सहापर्यंत उघडी राहील, ही जबाबदारी मॅडमची. नियम मुलांनीच पाळायचे असतात असं आपण धरून चालतो. शिकवणाऱ्यानं काय पाळायचं ते फळ्यावर क्वचितच येतं. त्या दिवशी ते आलं, म्हणून पुढचा नियम मुलांनी मन लावून ऐकला.

तो कॉपीचा होता. "एकमेकांशी कितीही बोला, कागदावर आकृत्या काढा, समजावून सांगा. पण उठताना दुसऱ्याचा कोड वहीत, मोबाइलमध्ये, पेनड्राइव्हवर न्यायचा नाही. एआयला विचारून आणलेला कोडही दुसऱ्याचाच. देणारा आणि घेणारा, दोघांनाही त्या प्रोग्रामचे शून्य. तुमचा स्वतःचा अर्धवट असला, चुकलेला असला तरी मार्क मिळतील. फक्त प्रत्येक ओळ का लिहिली, ते मला कॉम्प्युटरसमोर सांगता आलं पाहिजे." सगळ्यांनी हात वर केले, कागदावर सह्या केल्या.

सही करणं सोपं असतं. सुंदर अक्षरात दुसऱ्याचं जर्नल उतरवून सर्टिफाइड करून घ्यायची सवय आपल्याकडे खोलवर मुरलेली आहे. मुलं ती आपल्याकडूनच शिकतात. नीटनेटकं जर्नल पाहून आपणच खूश होतो.

दिवाळीच्या आधी दुधाचा प्रोग्राम आला. लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) घ्यायचं आणि शेतकऱ्याला किती रुपये द्यायचे ते काढायचं. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. त्याखाली प्रत्येक पॉइंटला पैसे कापले जातात. नगर जिल्ह्यातल्या मुलांना हे सांगावं लागत नाही, सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन डेअरीवर जाणारी मुलं आहेत ती.

वर्गातल्या एका हुशार मुलानं तो संध्याकाळीच उरकला. फॅट ४ टाकून पाहिलं, उत्तर बरोबर आलं. मित्रांनी मागितला, त्यानं व्हॉट्सॲपवर टाकला. देताना त्याच्या मनात पाप नव्हतं. शेवटची एसटी गाठायची घाई असलेल्या मित्रांना मोकळं करावं, एवढंच होतं.

श्रीगोंद्याकडच्या एका मुलीनं मात्र घरची पावती आणली. फॅट ३.८, एसएनएफ ८.५. तिचा प्रोग्राम पावतीपेक्षा कमी रक्कम दाखवायला लागला. वडिलांनी विचारलं, "डेअरीचं मशिन चुकतंय का तुझं?" तिला सांगता येईना. तिनं मॅडमकडून दोन दिवस मागून घेतले आणि प्रत्येक टप्प्यावर किंमत छापून पाहायला सुरुवात केली. वर फॅट ३.८ छापलं जात होतं. दर काढणाऱ्या फंक्शनमध्ये शिरलं की ३. तिथं तिनं फ्लोटऐवजी इंट लिहिलं होतं, त्यामुळे दशांश चिन्हाच्या पुढचं गळून जात होतं. कम्पायलरनं एक शब्दही काढला नव्हता. सी ही भाषा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी घडवली. लिहिणाऱ्याला काय करायचंय ते कळतं, असं ती धरून चालते. अपूर्णांक पूर्णांकाच्या डब्यात ओतला, तर सांडलेला भाग ती मुकाट्यानं सांडू देते. मुलीची चूक सुधारली, पण एसएनएफची कपात लिहायची राहून गेली. तिनं तसाच प्रोग्राम दिला.

तपासणीच्या दिवशी मॅडमनी प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर आधी ३.२ आणि मग ३.८ टाकलं. मागच्या दोन रांगांत दोन्हीला एकच दर. टोटल या शब्दाच्या स्पेलिंगमधली चूकसुद्धा सगळीकडे तीच. "३.२ आणि ३.८ला एकच दर कसा?" कुणालाच सांगता आलं नाही. ज्यानं लिहिला होता, त्यालाही नाही.

"मॅडम, मी मदतच केली," तो म्हणाला. त्याचा आवाज खरा होता आणि मॅडमनाही ते कळलं.

"मदत करायची होती तर शेजारी बसून समजावायचं होतंस, त्याला मी कधीच नाही म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. "प्रत्येकानं आपापला लिहिला असता, तर कुणाचं तरी उत्तर वेगळं आलं असतं. मग तुम्ही भांडला असता, तपासलं असतं आणि चूक सापडली असती. सगळ्यांकडे एकच कोड होता, म्हणून सगळ्यांची उत्तरं जुळली आणि बरोबर वाटली. आज हा प्रोग्राम डेअरीत बसवला असता, तर ३.८चं दूध घालणाऱ्याला रोज ३चे पैसे मिळाले असते. ते दूध तुमच्याच घरचं आहे. चूक सापडेपर्यंत तुम्हाला तिच्यासमोर बसवावं, एवढ्यासाठी तो नियम आहे."

शून्य द्यावेच लागले, देणाऱ्याला आणि घेणाऱ्यांनाही. मुलीला अर्धवट प्रोग्रामचे मार्क मिळाले, एसएनएफचे कापून. कुणी तक्रार केली नाही, सह्यांचा कागद लॅबच्या दारावरच लावलेला होता. मार्क मिळणार नव्हते, तरी मागच्या रांगांतली मुलं आठवडाभर सहापर्यंत लॅबमध्ये थांबली आणि प्रत्येकानं प्रोग्राम पुन्हा लिहिला. त्या मुलीनं त्यांना मधल्या किमती छापून कशा पाहायच्या ते दाखवलं. स्वतःची फाइल तिनं उघडली नाही.

दुसऱ्या सत्राच्या पहिल्या तासाला पुन्हा ग्रामसभा भरली. शून्य मिळालेला तो हुशार मुलगा उठला आणि त्यानं नवा नियम मांडला: प्रत्येकानं आपला प्रोग्राम घरच्या किंवा गावातल्या एका खऱ्या पावतीवर, बिलावर नाहीतर उताऱ्यावर चालवून दाखवायचा आणि ती पावती जर्नलला जोडायची. मॅडमनी मत घेतलं. सगळे हात वर झाले आणि त्या दिवसापासून नियम लागू झाला.