उंबरठ्याच्या आतली भाषा

वसईतील एका घरी आम्ही भेटीस गेलो होतो. आई मुलाचा अभ्यास इंग्रजीतून घेत होती. जपमाळ हाती घेऊन बसलेली आजी नातवाला कादोडीत काही म्हणाली. मुलाने प्रश्नार्थक नजरेने आईकडे पाहिले. सून हळूच म्हणाली, "आई, त्याच्याशी आपल्या बोलीत बोलू नका, त्याची भाषा बिघडते." आजी गप्प झाली आणि पुन्हा मणी ओढू लागली.

त्या सुनेला दोष देण्यास आम्ही धजत नाही. केळीच्या आणि पानाच्या वाड्यांवर आता संसार चालत नाहीत. नोकरीसाठी मुलांना मुंबई, आखात, कॅनडा गाठावे लागते. इंग्रजी ही त्यांची भाकर आहे आणि मुलांच्या भाकरीची चिंता वाहणे हे आईबापांचे कर्तव्यच आहे. परंतु या भाकरीचे मोल आजीच्या मौनाने चुकवावे काय? आईबापांचा मान राखण्याची चौथी आज्ञा केवळ औषधपाण्याने पूर्ण होत नाही. वडीलधाऱ्यांना आपल्याच घरात परके न करणे हेही तिच्यातच येते.

ग्रीक ही संत मार्कच्या काळची इंग्रजी होती. शुभवर्तमान जगभर जावे म्हणून त्याने ते ग्रीकमध्ये लिहिले. तरीही मृत मुलीला उठविताना, बहिऱ्याचे कान उघडताना आणि गेथशेमनीत पित्याला हाक मारताना प्रभूच्या मुखी आलेले अरामी शब्द त्याने तसेच ठेवले. जगासाठी एक भाषा आणि जिव्हाळ्यासाठी दुसरी, यात त्याला विरोध दिसला नाही. फादर थॉमस स्टीफन्स तर जन्माने इंग्रज. त्यांनी प्रभूचे चरित्र गायिले ते मराठी ओव्यांत, आणि त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले.

येथे आम्हां धर्मगुरूंनाही आपली चूक कबूल केली पाहिजे. धर्मशिक्षणाच्या वर्गात बोलीत उत्तर देणाऱ्या मुलाला आम्हीच 'शुद्ध बोल' म्हणून थांबविले. प्रमाण मराठीपुढे बोलीला लाजावयास आम्ही शिकविले. तीच लाज आज इंग्रजीपुढे मराठीच्या वाट्याला आली आहे. मुख्य याजकाच्या वाड्यात गालिली बोलीवरून पेत्र ओळखला गेला आणि भयाने त्याने प्रभूला नाकारले. आपल्या बोलीवरून ओळखले जाण्याचे भय मनात घेऊन वाढणारे मूल उद्या आपली माणसेही नाकारील, अशी भीती आम्हांला वाटते.

म्हणून पालकांना आमची एवढीच विनंती आहे. शाळा इंग्रजी असो, अभ्यासही इंग्रजीत होवो. पण सायंकाळची कौटुंबिक प्रार्थना घरच्या भाषेत व्हावी आणि तिची सुरुवात आजीने करावी. मूल प्रथम अडखळेल. त्याला हसू नका. आजी त्याला पुढचा शब्द सांगेल.