नेक नीयत, खोटा पुरावा

'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन'च्या सहाव्या पर्वाच्या डिस्कवर १९९८चा एक भाग आहे. हरत चाललेल्या युद्धात तटस्थ रोम्युलनांची साथ मिळावी म्हणून कॅप्टन सिस्को त्यांच्या सिनेटरला बनावट पुरावा दाखवतो. तो ओळखला जातो, तेव्हा साथीदार गॅरक सिनेटरलाच ठार करतो; आळ शत्रूवर येतो. रोम्युलन युद्धात उतरतात. सिस्को आपली कबुली पुसून टाकतो.

नीयत नेक असली की असत्य हलाल होते का? युद्धात शत्रूला चकवणे वेगळे. इथे फसला तो शत्रू नव्हता. नीयतीने सत्कृत्याला मोल येते, खुनाचा डाग जात नाही, असे आम्हाला वाटते. सिस्कोची नोंद पुसली गेली. आमालनामा मात्र कुणालाच पुसता येत नाही.