करवतीचा भाव आणि वाणीचं तप



आजचा श्लोक : गीता, अध्याय १७, श्लोक १५. विषय, वाणीचं तप. बोलणं कसं असावं? ऐकणाऱ्याच्या मनाला न टोचणारं, खरं, गोड आणि त्याच्या हिताचं. कॉलेजात असताना हा श्लोक पाठ केला, तेव्हा वाटायचं की खोटं बोललो नाही म्हणजे आपण पास. या उन्हाळ्यात एका गंजलेल्या करवतीने मला नापास केलं.

मी न्यू जर्सीत राहतो. आठवडाभर कोड लिहायचा आणि शनिवारी गॅरेजमध्ये लाकूडकाम करायचं, असा माझा क्रम. त्यातून जुन्या हातकरवती आणून दुरुस्त करायचं वेड लागलं. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक करवतींचे दात इतके कडक केलेले असतात की त्यांवर कानस चालत नाही. बोथट झाली की फेकायची. जुन्या करवतीला मात्र तीनधारी कानशीने पुन्हा पुन्हा धार लावता येते. चांगल्या जुन्या करवतीचं पातं दातांकडे जाड आणि पाठीकडे पातळ घासलेलं असतं, त्यामुळे ती लाकडात अडकत नाही. हेन्री डिस्टनने १८४० मध्ये नदीपलीकडे फिलाडेल्फियात करवतींचा धंदा सुरू केला होता. त्याच्या कारखान्यातल्या करवती अजून इकडच्या गॅरेजांमध्ये धूळ खात पडलेल्या सापडतात.

अशाच एका गॅरेज सेलमध्ये एक आजी नवऱ्याच्या मागे राहिलेली हत्यारं विकत होत्या. टेबलावर एक करवत, पातं गंजाने लाल, मुठीवर मळाचा थर. पण मुठीवरचं कोरीवकाम बघून मी ओळखलं, ही बहुधा डिस्टनची बारा नंबर. त्यांच्या उत्तम करवतींपैकी एक. पात्यावरून नजर टाकली. सरळ, कुठे मुरड नाही. किंमत पाच डॉलर.

आजींनी विचारलं, "काही कामाची आहे का हो ती?"

मी म्हटलं, "गंज बराच आहे. पण चालून जाईल."

बघा, वाक्यात एक अक्षर खोटं नाही. टोचणारं नाही, आवाजही गोड. चारपैकी तीन कसोट्या पास. चौथी होती हिताची, आणि ते हित फक्त माझं होतं.

घरी आणून मूठ सोडवली. रॉकेल लावून, लाकडाच्या ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून गंज काढला. पात्यावर कंपनीचा छाप असतो तिथे हात हलका ठेवला, नाहीतर तो पुसला जातो. हळूहळू बारा आकडा वर आला. मग मुठीचा मळ काढला, तर खाली ठोकलेली तीन अक्षरं. जुने सुतार आपली हत्यारं ओळखू यावीत म्हणून मुठीवर नाव ठोकायचे. शेवटचं अक्षर आजींच्या पत्रपेटीवरच्या आडनावाचं होतं.

त्या रात्री डोक्यातला वकील बोलायला लागला. किंमत त्यांनी ठरवली, मी घासाघीससुद्धा केली नाही. करवतींची पारख मी वर्षानुवर्षं खपून मिळवली. आणि दोन दिवसांची मेहनत माझी. यातला एकही मुद्दा खोटा नाही. आजही मला वाटतं, त्यांनी काही विचारलं नसतं आणि मी पाच डॉलर देऊन निघालो असतो, तर तो साधा व्यवहार झाला असता. गिऱ्हाइकाने आपली सगळी माहिती विकणाऱ्यासमोर मांडलीच पाहिजे असं नाही.

पण त्यांनी विचारलं होतं. विचारलं त्या क्षणी माझ्या पारखीवर त्यांनी विश्वास टाकला. महाभारतात शांतिपर्वात तुलाधार नावाचा वाणी आहे. तपाचा गर्व झालेल्या जाजलीला तो धर्म सांगतो, आणि त्याची ओळख एवढीच की त्याचा तराजू सगळ्यांसाठी सारखा. माझ्याकडे त्या दिवशी दोन तराजू होते. एकात मी मनातल्या मनात करवत तोलली, दुसरा आजींना दाखवला.

तिसऱ्या शनिवारी करवत आणि चाळीस डॉलर घेऊन परत गेलो. सगळं सांगितलं. आजींनी पैशांकडे बघितलंच नाही. मुठीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "ही माझ्या सासऱ्यांची. तेव्हा सांगितलं असतंत, तर मी विकलीच नसती." आत गेल्या, पाच डॉलरची नोट आणून माझ्या हातात ठेवली आणि करवत घेऊन गेल्या.

मला वाटत होतं, माझं देणं म्हणजे किमतीतला फरक. पण मी घेतलं होतं ते वेगळंच. ठेवायची की विकायची, हे डोळे उघडे ठेवून ठरवायची त्यांची संधी. ती अक्षरं तेव्हा मलाही दिसली नव्हती, हे खरं. पण "चांगली करवत आहे, एकदा पुसून बघा" एवढं म्हटलं असतं, तर त्यांना दिसली असती. करवत मी ऑनलाइन विकून टाकली असती, तर कितीही पैसे देऊन हे भरून निघालं नसतं.

गाडीत बसल्यावर फार शांत वगैरे वाटलं नाही, हेही सांगतो. करवतीचीच हळहळ वाटत होती. तप म्हणतात ते बहुधा म्हणूनच.

आजच्या दिवसासाठी एवढंच. ऑफिसात ज्युनिअर विचारेल, घरी आई-बाबा विचारतील, जुना फोन घेणारा विचारेल, "कसं आहे हे?" तोंडातून पहिलं येईल ते वाक्य खरंच असेल. क्षणभर थांबून बघा, त्यात हित कोणाचं आहे.

राम कृष्ण हरी.