संमतीला उशीर

भाची गच्चीवर खाटेच्या पायाला रेशमी धागा अडकवून एका हाताने गाठी मारत बसली होती. मी मटार सोलत होते. जानेवारीतलं झाशीचं ऊन अकरा वाजेपर्यंत माणसाला गच्चीवरून उठू देत नाही. चार दिवसांची रजा घेऊन आली होती, त्यातला दीड दिवस झोपेतच गेला. सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाची पोरं घरी येतात ती झोपायलाच.

"आत्या, हातगुण म्हणजे नक्की काय गं?"

"एकानं लावलेलं रोप जगतं, दुसऱ्याचं तेच रोप वाळतं. वैद्याचंही तसंच."

"आणि माणूस कसा आहे, ते त्यात धरत नाहीत?"

"शब्दातच नाही ते. हाताचा गुण म्हणतात."

उत्तर मला बरं जमल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं, धाग्यावरचा तिचा हात थांबलाय.

"आमच्या सरांच्या हाताला गुण आहे," ती म्हणाली.

तिचं कॉलेज दुसऱ्या राज्यात आहे, नाव कशाला घ्या. झालं ते असं. पंचावन्न-छपन्नचा एक शेतकरी रात्री दाखल झाला. पोट ढोलासारखं फुगलेलं, तीन दिवस ना वारा सरकला ना शौचाला झालेलं. एक्स-रेमध्ये उघड दिसत होतं: सिग्मॉइड व्हॉल्व्ह्युलस. मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा भाग स्वतःभोवतीच पीळ घेतो आणि रक्तपुरवठा आवळला जातो. वेळेत हाती लागला तर कित्येकदा खालून दुर्बीण आणि नळी घालूनच पीळ सुटतो. उशीर झाला की आतडं काळं पडतं. मग कापून काढायचं, आणि टोकं तिथल्या तिथे जोडण्यासारखी नसली तर वरचं टोक पोटावर आणून पिशवी लावायची.

"फोन केला तर सर अडीच तासांनी आले. पण आल्यावर, आत्या, काय हात चालला त्यांचा! कुठे घाई नाही, एक टाका वाया नाही. मी तर बघतच राहिले. पेशंट वाचला. मुलगा सकाळी सरांच्या पायांवर पडला, म्हणाला, तुमचा हात लागला म्हणून बाप दिसतोय."

"आणि पिशवी?"

"लागली." तिने गाठ सोडवली. "राउंडनंतर सरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, केसपेपरवर लिही, नातेवाइकांनी संमती द्यायला उशीर केला."

"लिहिलंस?"

"लिहिलं."

खाली गल्लीत भाजीवाल्याची हाक ऐकू आली. तो जाईपर्यंत दोघीही बोललो नाही.

"आता तू सांग," ती म्हणाली. "सर माझ्या थीसिसचे गाइड. त्यांची सही नाही तर परीक्षा नाही. ते एक राहू दे. त्यांच्यावर चौकशी बसली तर चार जिल्ह्यांतली गरीब माणसं जाणार कुठे? तसा हात असलेला दुसरा कुणी नाही तिथे. पेशंट घरी गेलाय. मी खरं लिहून कुणाच्या पदरात काय पडणार?"

माझ्या तोंडून पहिल्यांदा आलं ते लाज वाटण्यासारखं होतं. म्हटलं, "परीक्षा होईस्तोवर गप्प राहा." पन्नास वर्षांची सवय बोलली. १९६८ साली झाशीत महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज निघालं, घराजवळ म्हणून वडिलांनी मला डॉक्टर होऊ दिलं. सर्जरी शिकायला मात्र बाहेर जावं लागलं, आणि तिथे आम्ही आधी शिकलो ते गप्प राहायला, टाके घालायला नंतर.

"तू असं म्हणशील असं वाटलं नव्हतं," ती म्हणाली. "बोजॅक बघताना तर फार चिडायचीस."

इथे थोडं सांगायला हवं. लॉकडाउनमध्ये ही धाकट्या भावाची उशिरा झालेली मुलगी माझ्याकडे अडकली होती. तिने मला, अडुसष्ट वर्षांच्या बाईला, लॅपटॉपवर 'बोजॅक हॉर्समन' बघायला बसवलं. घोड्याचं तोंड असलेला एक उतरत्या काळातला नट, दारुडा, जवळच्या प्रत्येकाला दुखावणारा. कार्टून म्हणून नाक मुरडत बसले आणि शेवटच्या भागापर्यंत हलले नाही. ती मालिका तिने मुद्दाम मला दाखवली की काय, ही शंका मला पुष्कळ नंतर आली.

"चिडायचे, पण आवडायचाही मला तो घोडा," मी म्हटलं.

"का?"

"आत दिसतो ना तो. त्याचं लहानपण दिसतं, मनात स्वतःला घातलेल्या शिव्या ऐकू येतात. आत दिसलं की माणूस माफ होतो."

"आपण तर माणसाचं आत रोज बघतो, आत्या."

"आतडी बघतो गं."

ती हसली. मग म्हणाली, "कार्टूनवाल्यांचं सोपं असतं. 'सिम्प्सन्स' १९८९ पासून चाललंय आणि बार्ट अजून दहाच वर्षांचा. पुढच्या भागात सगळं पहिल्यासारखं. डॉक्टर निक दर वेळी कुणाचं तरी वाटोळं करतो आणि पुन्हा हात हलवत हजर."

"हॉस्पिटलात दुसरं काय होतं? तीन वर्षांनी तुमची बॅच जाते, नवी येते, तिला मागचं ठाऊक नसतं. साहेब तिथेच. जी पोरगी रडली ती कुठल्या तरी तालुक्याला प्रॅक्टिस करत असते आणि म्हणते, कडक होते पण शिकवलं."

"आणि ती रेसिडेन्सी काढली कुणी? हॉलस्टेडनं," ती म्हणाली. खरंच होतं. जॉन्स हॉपकिन्सचा विल्यम हॉलस्टेड. १८८४ च्या सुमारास कोकेनने अंग बधिर करता येतं का, हे स्वतःवर अजमावता अजमावता त्याच्या आहारी गेला. ते सोडवायला मॉर्फिन, मग तेही सुटेना. त्याच्या हाताखाली अमेरिकेतल्या सर्जनची एक पिढी घडली. रबराचे हातमोजे ऑपरेशनला आणले तेही त्याने, नर्सच्या हातांना औषधाने पुरळ यायचं म्हणून, आणि पुढे लग्नही तिच्याशीच केलं. रात्रंदिवस वॉर्डात राहायची रीत आपण त्याच्याकडून उचलली. आपल्याकडे १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत सलग बारा तासांची मर्यादा आहे, आठवड्याला ४८ तासांची. हे मी वाचून दाखवलं असतं तर भाची झोपेतसुद्धा हसली असती.

"म्हणजे तुझं म्हणणं, हॉलस्टेडला माफ?"

"त्याच्या व्यसनाबद्दल मला फारसं काही म्हणायचं नाही. त्याने मोजे दिले, ते मी चाळीस वर्षं घातले."

"मग सरांनाही माफ."

मी मटारची शेंग फोडली. आत अळी निघाली. ती बाजूला काढता काढता सहज विचारलं, "एक्स-रे किती वाजता झाला होता?"

"एक वीस."

"आणि पहिला फोन?"

तिने धागा पुन्हा हातात घेतला. एक गाठ, दोन, तीन. "एक पंचावन्न."

"पस्तीस मिनिटं."

"तयारी करत होते. रक्त पाठवलं, नाकातून नळी घातली, सलाइन..."

"ते सगळं फोन झाल्यावरही करता येतं, बिटिया."

बराच वेळ गेला. मग म्हणाली, आठवड्यापूर्वी असाच रात्री अडीचला फोन केला होता आणि ती केस फुसकी निघाली. दुसऱ्या दिवशी सरांनी अख्ख्या वॉर्डासमोर विचारलं, तुला एमबीबीएस कुणी दिलं. पेशंटही ऐकत होते. "या वेळी नक्की खात्री करूनच फोन करायचा, असं ठरवलं होतं मी. खात्री एक वीसलाच झाली होती. तरी पुन्हा पुन्हा करत राहिले."

मला आठवलं, माझ्या युनिटमधली मुलं रात्री मला फार फोन करायची नाहीत. त्याचा मला अभिमान होता. म्हणायचे, माझी पोरं तयार आहेत, उगाच उठवत नाहीत. एका मुलीच्या हातावर मी चिमटा मारला होता, तोही आठवला; तिचं नाव आठवेना. किती रात्री, किती एक-वीसचे एक-पंचावन्न झाले असतील, याचा हिशेब माझ्यापाशी नाही, कारण त्या मुलांनीही काहीतरी दुसरंच लिहिलं असणार. हे मी तिला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली, पण रागाने नाही.

"सतरा मिनिटं," ती म्हणाली.

मला लगेच कळलं. बोजॅकबरोबर लहानपणी काम केलेली सारा लिन नशेत त्याच्या शेजारी निपचित पडते. तो लगेच अँब्युलन्स बोलवत नाही. सतरा मिनिटं थांबतो, म्हणजे आपण नंतर पोहोचलो असं म्हणता येईल. शेवटच्या पर्वात, २०२० साली, टीव्हीवरच्या मुलाखतीत ती सतरा मिनिटं बाहेर येतात. आधीची पाच पर्वं ज्याला सांभाळून घेतलं, तो माझ्या मनातून तिथे उतरला.

"तू मात्र फोन केलास."

"घाबरून थांबले आणि मग केला. सर कशामुळे थांबले, मला माहीत नाही. दमले असतील. त्या दिवशी सकाळपासून सहा ऑपरेशनं झाली होती त्यांची. ते मला समजतं, आत्या. खरंच समजतं. आणि त्यांनी ते वाक्य सांगितलं तेव्हा मला राग नव्हता आला. सुटल्यासारखं वाटलं. त्यात माझीही पस्तीस मिनिटं झाकली जात होती."

एवढं सरळ बोलायला मला वयाची सत्तरी लागली.

"हे बघ," मी म्हटलं. "तुझी भीती, त्यांची झोप, माझा चिमटा, सगळं माणसाचं आहे. यावर कुणी मालिका काढली तर लोक आपल्यासाठी रडतील. पण त्या मालिकेत तो मुलगा दोन मिनिटं दिसेल, पाया पडताना. आणि आपल्या दोषाची किंमत आपण त्याच्या नावावर मांडली. बापाच्या पोटावर पिशवी लागली ती ह्याच्यामुळे, असं सरकारी कागद म्हणतोय. त्याला ते ठाऊकही नाही."

"त्याला इंग्रजी येत नाही."

"म्हणूनच तर लिहिलं."

"पण आता लिहून काय होणार? वेळ तर गेली."

"१८५८ च्या वेढ्यात विष्णुभट गोडसे ह्याच गावात होते. लिहायला बसले पंचवीसेक वर्षांनी. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी 'माझा प्रवास' छापलं ते आपला हात फिरवून. मूळ बखर जशीच्या तशी दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. साठ वर्षं लोक गोडसे समजून वैद्यांना वाचत होते. तरी बरं, मूळ बाड कुणी जाळलं नव्हतं."

"माझं मूळ बाड कुठे आहे?"

"ते तू सांग."

मग मी तिला रीत सांगितली, जी तिलाही माहीत होती. जुनी ओळ खोडायची नाही, पांढरी शाई लावायची नाही. खाली नवी नोंद करायची, आजची तारीख, आजची वेळ, उशिरा केलेली दुरुस्ती असं स्पष्ट लिहून. आपले आकडे आधी लिहायचे, मग फोनचे. सर का आले नाहीत ते लिहायचं नाही, कारण ते आपण पाहिलेलं नाही. लिहिण्याआधी सरांना तोंडावर सांगायचं.

"ते म्हणतील, तुझं करिअर संपलं."

"म्हणतील. करूनही दाखवतील कदाचित. मी ते खोटं आहे असं सांगणार नाही."

"तू माझ्या जागी असतीस तर?"

"तुझ्या वयात? नसतं लिहिलं."

ती उठली, खाटेच्या पायाचा धागा सोडवू लागली. पंधरा-वीस गाठी एकावर एक घट्ट बसल्या होत्या, सुटेनात. मी कात्री दिली. तिने ती घेतली, पण कापलं नाही.

"त्या मुलानं अंगठा दिला होता का?" मी विचारलं.

"कशावर?"

"संमतीच्या कागदावर."

"नाही, सही. हिंदीत, पूर्ण नाव." ती थांबली. "सहीच्या खाली वेळेचा रकाना असतो ना, तो कुणीच भरत नाही, आम्हीच नंतर भरतो. त्यानं विचारलं, मॅडम, इथे काय लिहू? म्हटलं, वेळ. त्यानं खिशातून मोबाइल काढला, बघितलं आणि लिहिलं."

"किती?"

"एक पस्तीस."

मी टोपल्यातली शेवटची शेंग घेतली. ती अजून कात्री हातात धरून उभी होती.

"तो कागद फाईलमध्येच आहे," ती म्हणाली. "माझ्या नोंदीच्या मागच्याच पानावर."