वीणेचा पहारा आणि नऊ व्होल्टची बॅटरी

तुकोबांची पालखी बारामती, काटेवाडी मागे टाकून बेलवडीला पोचते तेव्हा तिथे गोल रिंगण होते, पुढे इंदापूरलाही होते. दिंडीत उभ्या असलेल्या माणसाला टाळांचा ठेका स्वच्छ कळतो, अभंगाचे शब्द कळतात. दोन शेते पलीकडे, उसाच्या बांधावरच्या माणसापर्यंत मात्र नुसती सलग सरसर पोचते. शेकडो टाळ एकाच क्षणी पडत नाहीत. प्रत्येकाचा आघात किंचित मागेपुढे होतो, एकमेकांत मिसळतो आणि अंतर वाढले की त्यातला नेम पुसला जातो. उरते त्याला ध्वनिशास्त्र नॉईज म्हणते, आपण गोंगाट म्हणतो. एकच आवाज आतून नाद आणि बाहेरून गोंगाट असेल, तर त्याचे पावित्र्य नेमके राहते कुठे?

हा प्रश्न तपासायला घरी जोडलेले नॉईज सिंथेसायझर हे फार स्वस्त साधन आहे. असे सिंथेसायझर घरी जोडण्याचा छंद वाढला तो दुर्मीळ वाद्यांच्या ओढीने. लुइजी रुस्सोलो या इटालियन चित्रकाराने १९१३ साली गुरगुरणाऱ्या, खरखरणाऱ्या पेट्या बनवायला घेतल्या. त्यांतली एकही मूळ पेटी आज उरलेली नाही. मिशेल वाइसव्हिस या वाद्यनिर्मात्याच्या क्राकडोस नावाच्या वाद्यावर धातूच्या उघड्या पट्ट्या असतात आणि त्यांना बोटे लावली की वादकाचे अंगच सर्किटचा भाग होते. अशी वाद्ये हाती लागेनात, तेव्हा लोक स्वतःच सोल्डरिंगला बसले. लागते तरी काय? ४०१०६ नंबरची आयसी, एक लाख ओहमचा रेझिस्टर, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, नऊ व्होल्टची बॅटरी. कपॅसिटर भरतो, आयसी पलटी खाते, तो रिकामा होतो, ती पुन्हा पलटते. सेकंदाला शंभर-दीडशे वेळा हे झाले की खर्जातला जाडाभरडा स्वर येतो. आता तिथे शंभरपट मोठा कपॅसिटर लावा. स्वर मोडतो आणि सेकंदाला एखादा, असा टक्, टक् ठोका उरतो. सूर वेगळा, ताल वेगळा, असे आपण समजत आलो. इथे एकाच क्रियेच्या त्या दोन गती निघतात! तिसरा प्रयोग याहून बोलका आहे. साध्या ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटर जोडाला मोठ्या रेझिस्टरमधून उलटे बारा व्होल्ट दिले आणि निघालेला क्षीण आवाज वाढवला, की पाचटावर पडणाऱ्या पावसासारखी सरसर ऐकू येते, बांधावरच्या माणसाला आली तशीच. कानाला कळणाऱ्या सगळ्या कंपनसंख्या तिच्यात एकदम हजर असतात. त्यातून स्वर काढायचा तर भर काही घालावी लागत नाही. फिल्टर लावून बाकीचे वगळावे लागते.

वगळण्याची ही करामत बारामतीने अठराव्या शतकातच पाहिली आहे. मोरोपंत (१७२९-१७९४) तिथे राहिले. त्यांनी रचलेल्या नाना तऱ्हांच्या रामायणांत एक निरोष्ठ रामायण आहे, ज्यात ओष्ठ्य वर्ण वर्ज्य. म्हणजे ‘म’ गेला, आणि त्याच्याबरोबर खुद्द ‘राम’ हा शब्दही. ही पंडिती कसरत आहे असे कोणी म्हणेल, आणि ती आहेच. पण नाव कुठेही न उच्चारता कथा रामाचीच राहते, कारण काय टाळले आहे याचे भान कवीला अक्षरागणिक जागे ठेवावे लागते. माझे म्हणणे एवढेच, की नाद हा ध्वनीचा गुण नसून या जागेपणाचा आहे.

यावर इलेक्ट्रॉनिक वाद्यांचे भोक्ते एक पाऊल पुढे जातात. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त नादाचे आहत आणि अनाहत असे भेद सांगितले. आमच्या पेटीत काहीच कशावर आपटत नाही, तेव्हा हाच अनाहत, असा त्यांचा दावा. तो टिकत नाही. ट्रान्झिस्टरच्या सरसरीत इलेक्ट्रॉन अणूंवर आदळतच असतात. आघात डोळ्यांना दिसत नाही इतकेच. पण सर्किटचा आवाज कर्कश म्हणून अपवित्र, हेही मला पटत नाही. अनाहत मुक्ती देतो, रंजन करत नाही, असे तोच शार्ङ्गदेव सांगतो. म्हणजे गोडव्याची कसोटी शास्त्रानेच बाजूला ठेवली आहे. शिवाय तंबोऱ्याची जवारी तरी काय आहे? घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून मुद्दाम आणलेली झणझण.

मग मिरवणुकीतली डीजेची भिंतही नादच का? नाही, आणि कारण नुसते डेसिबलचे नाही. २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, ती हवीच. पण त्या भिंतीसमोर सापडलेल्या माणसाला काही वगळताच येत नाही. त्याच्या कानाचा जागेपणाच हिसकावून घेतलेला असतो.

यंत्रात प्राण नसतो, ही हरकत सर्वांत वजनदार. तंबोऱ्याच्या वाळलेल्या भोपळ्यात तरी तो कुठे असतो, असे उलट विचारता येईल, पण ते उत्तर अपुरे आहे. देवळात बटण दाबले की मोटारीवर चालणारा नगारा-घंटेचा संच सुरू होतो. पुजारी निरांजन ओवाळत असतो आणि वाजवणारे कोणीच नसते. कान बधिर होत नाहीत, बेसूरही काही नसते, तरी काहीतरी रिकामे वाटते. याउलट अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहाटे तीनला पहारा बदलायचा असतो. झोपेतून उठून, तोंडावर पाणी मारून आलेला माणूस आधीच्याच्या पाया पडतो, तोही याच्या पाया पडतो आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. ४०१०६ला हा पहारा देता येणार नाही, हे मान्य केलेच पाहिजे. बॅटरी संपेपर्यंत ती रिकाम्या खोलीतही वाजत राहील. म्हणून इंदापुरातल्या एखाद्या पोराने ती आयसी आणलीच, तर रेझिस्टर लावूच नये. त्याच्या जागी धातूच्या दोन उघड्या पट्ट्या ठेवाव्यात, क्राकडोससारख्या. बोटे टेकलेली असतील तोवर ती वाजेल, जोर वाढवला तर स्वर चढेल आणि हात उचलला की गप्प होईल.